मला पुणं आवडतं, हे सांगायला लाज कसली?

पत्र असं आहे:

"मी 63 वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पाटण तालुक्यात कोयनेच्या वरच्या अंगाला आमचं गाव. लग्न झाल्यापासून नोकरी, शेती, संसार सगळं तिथंच झालं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात यजमानांच्या छातीत दुखू लागलं. वडापच्या जीपमधून कराडला पोहोचेपर्यंत काय अवस्था झाली ते सांगवत नाही. स्टेंट बसला, निभावलं. मग मुलानं आम्हाला कोथरूडला आणलं. त्याच्याच सोसायटीत लहानसा फ्लॅट भाड्यानं घेऊन राहतो.

खरं सांगू का? मला इथं फार आवडतं. पाइपचा गॅस, लिफ्ट, चोवीस तास वीज, कपडे धुण्याचं मशीन. मेट्रोत बसून मी उगाचच एक चक्कर मारून येते. सोसायटीतल्या बायका 'गावाकडची मजाच वेगळी' म्हणतात तेव्हा मी मान डोलावते, पण मला गावाची आठवणच येत नाही. सूनबाई चुलीवरच्या भाकरीचं कौतुक करते तेव्हा तर मला हसू आवरत नाही. माझी जाऊ फोनवर म्हणाली, 'बाईस्नी पुण्याचं पाणी लागलं. बटनं दाबून दाबून बोटं झिजली आस्तील.' ते मनाला लागलं. हल्ली तिला डोळ्यानं कमी दिसतं, एकटीच सगळं रेटते, आणि मी इथं मजेत.

यजमान मात्र गप्प गप्प असतात. ते 68 वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी तब्येत चांगली आहे म्हटल्यापासून 'आता कायमचं गावी जाऊ' हा धोशा लावलाय. मी त्यांना 'तुमच्या छातीचं काय?' एवढंच म्हणते आणि विषय मिटवते. माझं काही चुकतंय का? मी स्वार्थी झालेय का?"

बाई,

तुम्हाला गावातही सगळे 'बाई'च म्हणत असणार, म्हणून मीही तेच म्हणते.

स्वार्थी वगैरे काही झालेल्या नाहीत तुम्ही. ते पुराण आधी बाजूला ठेवू. पण पत्रात एका ठिकाणी तुमचं चुकतंय असं मला वाटतं, आणि जिथं तुम्ही शोधताय तिथं ते नाही. त्याकडे येते.

आधी तुमच्या घरात सोयींचा हिशेब कसा मांडला गेलाय ते बघा. यजमानांसाठी हृदयरोगतज्ज्ञ दहा मिनिटांवर आहे, तपासणी वेळेवर होते, रात्री-अपरात्री काही झालं तर 108 ला फोन केला की गाडी दारात येते. यालाही शहराची सोयच म्हणतात. पण त्याबद्दल त्यांना कुणी टोमणा मारला का? 'भाऊजींना पुण्याचं पाणी लागलं' असं जाऊबाई म्हणाल्या का? नाही, कारण ती गरज. आणि तुमचं कपड्यांचं मशीन? ती हौस, ती चैन, त्यानं बोटं झिजतात. तुमच्या गावाकडचा पाऊस मी ऐकून आहे. सह्याद्रीच्या माथ्यालगतचा तो पट्टा, चार महिने ऊन कसं ते दिसत नाही. ओल्या चादरी चुलीवरच्या वलणीवर टाकायच्या, त्या तीन दिवसांनी दमट आणि धुरकट वासाच्या काढायच्या, आणि तोवर पोरांनी दुसरी ओली केलेली असायची. हे काम तुमच्या घरात कुणी केलं? ज्यानं केलं त्याला विचारा मशीन गरज आहे की चैन.

असंच पाण्याचं. बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही, पण धो धो पावसाच्या त्या डोंगरात एप्रिल-मे महिन्यात पाण्यासाठी वणवण असते. पडलेलं पाणी उतारावरून वाहून जातं, झरे आटत येतात, आणि खाली धरण तुडुंब असलं तरी वरच्या वाडीला त्याचा काही उपयोग नसतो. भरलेला हंडा पंधरा किलोच्या आसपास जातो, कमरेवर कळशी वेगळी. ते उतरवून साडी बदलायची, दहाच्या ठोक्याला शाळेत हजर व्हायचं, तिथं पट, खिचडी, अहवाल, मध्येच निवडणुकीची ड्युटी. संध्याकाळी परत सरपण आणि चूल. तुमच्या गावाच्या पायथ्याशी 1,960 मेगावॅटचा कोयना प्रकल्प. तुमचंच पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणातल्या पोफळीच्या बाजूला उतरतं आणि त्यावर अर्ध्या महाराष्ट्राचे दिवे लागतात. आणि 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तुम्ही कंदिलाच्या उजेडात वह्या तपासल्या असतील. आज कोथरूडच्या स्वयंपाकघरात भर दुपारीसुद्धा तुम्ही दिवा लावलात तरी मी काही बोलणार नाही. उधारी वसूल होतेय.

गावाची आठवण येत नाही याचं तुम्हाला वाईट वाटतं. का वाटावं? शहरात 'गावाकडची मजा' म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेक सुट्टीतलं गाव असतं. मे महिना, आंबे, अंगणात बाज, आणि आत कुणीतरी रांधतंय. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही होता. तुमच्या सोसायटीतल्या बायका खोटं बोलत नाहीत, त्यांनी तेवढंच गाव पाहिलंय. सूनबाईंवरही हसू नका. तिला चुलीवरची भाकरी खरंच आवडत असेल, आणि आवडू दे की. एखाद्या सुट्टीत तिला गावी घेऊन जा, पावसाळ्यातलं ओलं जळण द्या, फुंकणी हातात द्या, आणि भाकरी तिलाच थापू द्या. सूड म्हणून नव्हे. शिकेल तर शिकेल, नाही तर गॅसवरची भाकरीही चांगलीच लागते असं तीच म्हणेल. आणि हो, बायकांच्या घोळक्यात मान डोलावणं बंद करा. 'मला नाही बाई आठवण येत' असं एकदा म्हणून बघा. दोघी-तिघी तरी हळूच तुमच्या बाजूला सरकतील.

आता तुमची मेट्रोतली 'उगाचची' चक्कर. ती उगाच नाही. आयुष्यभर तुम्ही मागच्या सीटवर, नाही तर उभ्यानं, कुणाच्या तरी सोयीच्या वेळेला प्रवास केलात. वडाप भरल्याशिवाय हलत नाही आणि मुक्कामाची एसटी चुकली की चुकली. इथं गाडी तुमची वाट बघत येते आणि तुम्ही कुठं चाललात हे कुणी विचारत नाही. गावात बाईमाणूस घराबाहेर पडली की पारावरचा प्रत्येक जण विचारतो, 'कुठं निघाला बाई?' त्यात माया असते हे मान्य. पण कुणीही न विचारण्यातही एक सुख असतं, आणि ते साठी उलटल्यावर पहिल्यांदा मिळत असेल तर मनसोक्त घ्या.

फक्त चक्कर मारून परत येऊ नका, मध्ये उतरा. छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरलात की बालगंधर्व रंगमंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1968 पासून उभं असलेलं हे नाट्यगृह, आणि पाटणच्या बाईला त्यातलं पहिलं नाटक बघायला इतकी वर्षं लागली. रात्रीचं जमत नसेल तर दुपारच्या प्रयोगाचं तिकीट काढा. तुम्ही शिक्षिका, म्हणजे तुमच्या शाळेतली पुस्तकांची ती एक पेटी आणि तिची किल्ली मुख्याध्यापकांकडे, हे मी न सांगताच ओळखते. पुणे नगर वाचन मंदिर 1848 साली सुरू झालं. त्याचं सभासद व्हा आणि आठवड्याला पुस्तक बदलायला स्वतः जा. कपाटासमोर उभं राहून हवं ते पुस्तक ओढून काढायचं, ही चैन मी खुशाल चैन म्हणेन.

दोन गोष्टी सांभाळा. मुलाच्या फोनवरून सगळं मागवत असाल तर ते थांबवा. सोय दुसऱ्याच्या हातात राहिली की थोड्याच दिवसांत तिचं ओझं होतं, आणि 'आई, आत्ता मीटिंगमध्ये आहे' हे ऐकायची सवय लागते. तुमचं निवृत्तिवेतन तुमच्या खात्यात येतं. एक वेगळं खातं उघडा, त्यात महिन्यापुरतेच पैसे ठेवा, आणि फोनवरचे व्यवहार फक्त त्या खात्यातून करा. 'पोलीस बोलतोय, तुमच्या नावावर गुन्हा आहे' असा व्हिडिओ कॉल आला तर सरळ कापा. शिक्षकांना सरकारी आवाजाची भीती जरा जास्तच असते आणि ठगांना ते पक्कं माहीत आहे. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 ला फोन करा. जेवढ्या लवकर कराल तेवढे पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट त्या दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणाऱ्या पोरांची. मागवा, त्यात काही पाप नाही. पण त्यातली कितीतरी पोरं तुमच्यासारख्याच गावांतून आलेली आहेत, एखादा तुमच्या हाताखालून चौथी पास झालेलाही निघायचा. तुमच्या सोसायटीत त्यांना लिफ्ट वापरू देतात का, याची चौकशी करा. नसतील देत तर पुढच्या सभेत तुम्ही उठून बोला. पोरांपुढं उभं राहून बोलायची सवय आहे तुम्हाला, सोसायटीच्या सभेचं काय घेऊन बसलात.

आता यजमान.

त्यांना गावाची ओढ आहे म्हणजे नेमकी कशाची, हे तुम्ही कधी विचारलंय? मला वाटतं सोयी-गैरसोयींचा त्यांच्याशी फारसा संबंधच नाही. गावात त्यांना कामं होती आणि ओळख होती. बांधावरून जाताना चार जण हाक मारायचे, तंट्यात त्यांचं मत घ्यायचे, बैल बघायला बोलवायचे. कोथरूडमध्ये ते 'चारशे दोनचे आजोबा' आहेत. गाव सोडल्यावर तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, त्यांच्या डोक्यावरचा फेटा उतरला. एकाच टेम्पोतून दोघं आलात, पण हिशेब असा उलटा झाला. तुमचं सुख खरं तसंच त्यांचं गमावणंही खरं. तुम्ही आनंदी असणं ही त्यांच्यावरची टीका नाही, हे त्यांना कळायला हवं. ते तुम्हीच सांगायला हवं.

आणि इथंच तुमचं चुकतं. 'तुमच्या छातीचं काय?' असं म्हणून तुम्ही विषय मिटवता. बाई, त्यांच्या छातीच्या दुखण्याआड लपू नका. यात तीन तोटे आहेत. त्यांना रोज आठवण होते की आपण आजारी आहोत आणि आपल्यामुळे सगळ्यांची परवड झाली. डॉक्टरांनी 'उत्तम' म्हटलं की तुमची बाजू कोसळते, आणि मग तुम्ही मनातल्या मनात त्यांचा रिपोर्ट वाईट यावा अशी वाट बघू लागाल. हे लिहिताना मलाच कसंसं होतंय, पण माणूस अशाच वाटेनं तिथं पोहोचतो. तिसरा तोटा सगळ्यात मोठा: तुम्हाला काय हवंय हे त्या घरात अजून कुणी ऐकलेलंच नाही. तुम्ही बोललाच नाहीत. वर्षानुवर्षं बायका 'मला नको' म्हणण्याऐवजी 'ह्यांना चालत नाही', 'मुलांची शाळा आहे', 'सासूबाईंना आवडत नाही' असं म्हणत आल्या. आजाराचं कारण मिळालं की आपल्याला आवडलेली गोष्ट पदरात घ्यायला सोपी जाते. पण 63 व्या वर्षी, स्वतःचं निवृत्तिवेतन असताना, कारण कशाला हवं?

त्यांना सरळ सांगा: 'मला इथं आवडतं. मला इथंच राहायचंय. तुमच्या तब्येतीसाठी नाही, माझ्यासाठी.' एवढंच. रागावून नको आणि रडूनही नको. सकाळी चहा घेताना सांगा, मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर. चौघांसमोर सांगितलंत तर त्यांना वाटेल सगळ्यांनी मिळून ठरवलंय. ते दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. बोलू नयेत. तुम्ही त्या दोन दिवसांत घाबरून 'बरं, बघू' म्हणू नका.

त्यानंतर दुसरं वाक्य: 'तुम्हाला हवं तेव्हा गावी जा.' कायमचं जाणं आणि अजिबात न जाणं, यांच्या मध्ये बरीच जागा आहे. ही मेट्रो तुम्हाला वनाझहून जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून थेट स्वारगेटला नेते. तिथून कराड, कराडहून पाटण. पासष्ट ते पंचाहत्तर वयाला एसटीत अर्धं तिकीट आहे आणि 2023 पासून बायकांनाही आहे, म्हणजे दोघं गेलात तरी एकाच्याच पैशात.

केव्हा जायचं हे मात्र नीट ठरवा. भाताच्या लावणीला जायचा हट्ट ते धरतील, आणि तोच नेमका जुलै. 2021 च्या जुलैत तुमच्याच तालुक्यात आंबेघर आणि मिरगावात दरडी कोसळून काय झालं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रस्ता बंद, फोन बंद आणि हृदयाचा रुग्ण, हे गणित बसत नाही. यात तुम्ही वाद घालू नका. त्यांनी स्वतः डॉक्टरांना एक नेमका प्रश्न विचारावा: 'जिथून रुग्णालय दोन-तीन तासांवर आहे अशा ठिकाणी मी सलग किती दिवस राहू, आणि सोबत कोणती औषधं ठेवू?' उत्तर काय यायचं ते येऊ दे. तुम्ही मध्ये पडू नका.

बाकी कामाला तोटा नाही. बंद घर त्या पावसात टिकत नाही. चूल पेटेनाशी झाली की धूर बंद होतो आणि वाशांना कीड लागते, हे जुनी माणसं उगाच सांगत नाहीत. मे महिन्यात जाऊन कौलं चाळून घ्यायची. जूनच्या सुरुवातीला भाताच्या रोपांचा तरवा टाकेपर्यंत राहायचं, आभाळ भरून आलं की परतायचं. लावण भाऊबंदांनी करावी. गौरी-गणपतीला जायचं आणि त्याच फेरीत ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची फोनवरून करायची सरकारी नोंद, उरकायची. ती तशीही शेतात उभं राहून फोटो काढल्याशिवाय होत नाही, पुण्यात बसून कुणाला सांगता येत नाही. मग भात काढणीला. फोनवरून ती पाहणी कशी करायची हे त्यांना नातवंडांनी शिकवू दे. गावात आणखी चार जणांची करून देतील आणि परत हाका सुरू होतील.

त्यांच्या बरोबर तुम्ही जायचं का? इच्छा असेल तर जा, चार दिवस राहा आणि या. पण रांधायला म्हणून जाऊ नका. ते म्हणतील, 'मग माझं जेवणाचं काय?' इथल्या गॅसवर आत्तापासून त्यांना भात, आमटी आणि पिठलं शिकवा. ज्यांनी उभं आयुष्य भात पिकवला त्यांना तो शिजवायला जमेल. आणि गावी पंधरा दिवस स्वतः पाणी भरून, भांडी घासून आले की पुढच्या चर्चेची पातळी आपोआप बदलेल.

घर-जमीन विकायचा विषय मुलानं काढला तर तूर्त नको म्हणा. त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही, आणि यजमानांना तेवढी एक जागा तरी आपल्या नावावर असल्याचा आधार आहे.

राहिल्या जाऊबाई. त्यांच्या टोमण्यात मला हेवा कमी आणि एकटेपणा जास्त दिसतो. इतकी वर्षं दोघी एका पाणवठ्यावर होतात, आता त्या एकट्या आहेत. त्यांना उत्तर देऊ नका, बोलावून घ्या. डोळ्यानं कमी दिसतंय म्हणता, मोतीबिंदू असेल तर तासाभराचं काम आहे. साधं असो वा आणखी काही, तपासल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा लांबवू नका. पण फोन करताना 'डोळ्यांसाठी ये' एवढंच म्हणालात तर पुन्हा तेच होईल, दुखणं असल्याशिवाय बाईनं गाव सोडायचं नाही. 'आठ दिवस राहायला या' असं म्हणा. आधी नाटकाची दोन तिकिटं काढा, त्यांना पुढच्या रांगेत बसवा, मशीनची बटणं दाबू द्या. डॉक्टरांची वेळ त्यानंतरची घ्या.